न बसलेला गूळ

बिघडलेला गूळ चांगल्या गुळापेक्षा थोडा जास्तच गोड लागतो. याचं कारण पुस्तकात सापडतं. पण मी तो पहिल्यांदा चाखला तेव्हा मामी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि मी "गोड आहे" म्हटल्यावर तिने पदर तोंडाशी धरला.

"त्येच तर," ती म्हणाली. "गोड लागतंय आणि बसत न्हाई. ह्यो गूळ न्हवं, पोरी. हे दुसरंच कायतरी हाय."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत होतो. वडील शाहूपुरीत एका कचेरीत नोकरीला होते आणि कचेरीच्या खालीच गुळाची वखार होती, त्यामुळे संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्यालाही गुळाचा वास यायचा. मला त्यांनी हौसेने नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की जे मला नीट कळायचं ते मराठीत सांगता यायचं नाही, आणि जे मराठीत सांगता यायचं ते सांगायची बहुधा गरज नसायची. मी कमी बोलत असे. लोक मला शिष्ट समजत आणि मी त्यांना तसं समजू देत असे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती. आई म्हणाली, "चार दिवस मामाकडं जाऊन ये. नवी सून एकटी पडलीय, तुझ्याच वयाची आहे." मामाचं गाव मुरगूडच्या पुढे, एसटीतून उतरून उसामधल्या पायवाटेने चालत जायचं. त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. दिवाळीनंतर पेटलेलं गुऱ्हाळ उन्हाळा लागेपर्यंत चालायचं. मी पोचले तेव्हा हंगाम संपत आला होता, नदीकाठच्या एकाच तुकड्यातला ऊस राहिला होता, आणि इंजिन बंद होतं. मला लांबूनच ते जाणवलं. गुऱ्हाळाच्या दिशेने नेहमी ठक् ठक् आवाज यायचा, तो नव्हता. चिमणीतून धूर नव्हता.

"उद्या पेटणार," मामा म्हणाला. "सूनबाईच्या हातनं. दिवस बघून थांबलोय. ह्या वर्षी घरात सून आली, तिनं चुलवाण पुजल्याबिगर हंगाम कसा संपवायचा?"

त्यासाठी तोडलेला ऊस गुऱ्हाळाच्या पुढे रचून ठेवला होता. भारेच्या भारे, माणसाच्या उंचीचा ढीग. मी जाताना त्यावर नुसता हात फिरवला. ऊस कोमट होता.

वहिनी कर्नाटकाच्या हद्दीकडच्या एका गावची. बारीक, काळीसावळी, बोलताना शब्दाच्या शेवटी किंचित हेल काढणारी. मामेभावाशी तिचं लग्न माघात झालं होतं. ती माझ्याशी पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलली. "वन्सं, तुमी पण गप ऱ्हातासा व्हय? बरं झालं."

दुसऱ्या दिवशी तिने चुलवाणाच्या भट्टीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चिपाडाची जुडी पेटवून आत टाकली. इंजिन सुरू झालं. रस काहिलीत, त्या मोठ्या पसरट कढईत, पडू लागला. गुऱ्हाळावरची माणसं मला बघून खुशीत आली होती. चुलवाणात चिपाड घालणारा जाळव्या ओरडला, "आरं धूर कमी करा रं, शहरातनं पावणं आल्यात! रंग उतरंल त्यांचा!"

"उतरंना का," चरकावरचा म्हणाला, "आपल्याला तर उतरवायला रंगच न्हाई!"

मीसुद्धा हसले. वहिनी पदराआड हसली. तिच्या हसण्याचा तो शेवटचा मोकळा क्षण असेल हे तेव्हा कुणाला वाटलं असतं?

गूळ शिजवणारा गुळव्या गावातलाच मुसलमान म्हातारा होता. त्याचा बाप मामाच्या बापाकडे गुळव्या होता. सगळे त्याला चाचा म्हणत. रस उकळून दाटला, पिवळा झाला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. चाचाने पाक पळीने पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी केली आणि सगळ्यांना हाताने गप राहायला सांगितलं. ही त्याची पद्धत होती. गोळी पत्र्यावर टाकायची आणि आवाज ऐकायचा. टण् वाजली की पाक उतरवायचा.

गोळी पत्र्यावर पडली. आवाज आला नाही. चिखल पडावा तशी ती पडली आणि तिथेच पसरली.

चाचाने पुन्हा थोडा वेळ जाळ दिला, पुन्हा गोळी टाकली. पुन्हा काही नाही. मग पाक करपायला लागला, तेव्हा नाइलाजाने काहील उतरवली. गूळ निवायला उथळ वाफ्यात ओतला, घोटला, फडकी घातलेल्या बादल्यांतून भरला. रात्रभर निवला की सकाळी ढेप बाहेर काढायची.

सकाळी आम्ही सगळे उभे होतो. चाचाने बादली उलटी करून पहिल्या ढेपीचं फडकं सोडलं. ढेप उभी राहिली. दिसायला ती चांगली होती, सोनेरी, गुळगुळीत. "बसली की," मामा म्हणाला. आणि मग ती हळूहळू वाकायला लागली. पडली नाही, फुटली नाही. एखाद्या माणसाने बसल्या बसल्या मान टाकावी, तशी तिची वरची कड खाली आली, एका बाजूला ओघळली आणि थांबली. दुसरं फडकं सोडलं. तीही तशीच. एकामागून एक माना टाकत गेल्या. उन्हात त्या चकाकत होत्या आणि त्यांच्या अंगावर घामासारखे बारीक थेंब यायला लागले होते.

मामी गुळाकडे बघतच नव्हती, ती वहिनीच्या पायांकडे बघत होती. तिचं बघून जाळव्याने बघितलं, मग चरकावरच्याने. शेवटी वहिनीनेही मान खाली घालून स्वतःच्याच पायांकडे बघितलं, जसं काही तिथे कुणी दुसरंच उभं असावं.

"पायगुण" हा शब्द संध्याकाळपर्यंत कुणी उच्चारला नाही. चूल पेटवताना मामीने तो उच्चारला, आणि मग तो घरातून गेलाच नाही.

मामी दुष्ट बाई नव्हती. तिने देवीला कौल लावला. गावदेवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. उत्तर असं आलं की गुऱ्हाळ आता पेटवायचं नाही, जागा गोमूत्राने शुद्ध करायची, आणि मंगळवारी दुपारी पुन्हा चुलवाण लावायचं. ऊस मात्र दोन दिवस आधीच तोडून ठेवायचा, म्हणजे मुहूर्ताला धावपळ नको. तसंच केलं. मंगळवारी चुलवाण लागलं, आणि ढेपी पहिल्यापेक्षा वाईट झाल्या. या वेळी त्यांनी मानही टाकली नाही. फडकं सोडताच त्या काकवीसारख्या पसरल्या आणि पायांखाली आल्या.

त्या रात्री जेवताना मामी कुणाकडेही न बघता म्हणाली, "पुढच्या मंगळवारी शेवटचं बघायचं. तिच्या भावाला निरोप धाडलाय. बसला तर बसला. न्हाई बसला तर जाऊ दे तिला माहेराला. पुढच्या हंगामाला बघू."

पुढच्या हंगामाला बघू म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळलं. शेजारच्या आळीत अशी एक बाई होती, माहेरी पाठवलेली आणि कधीच न बोलावलेली. तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्नही होऊन गेलं होतं. माझा मामेभाऊ भाकरी मोडत राहिला. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने फक्त तवा खाली उतरवला.

मला कोल्हापूरला परतायचं होतं, पण मी राहिले. का राहिले ते सांगता येणार नाही. मला वाटतं, त्या वाकणाऱ्या ढेपी माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. गोड तर आहे, गूळच तर आहे, जे चांगल्या गुळात असतं तेच यात आहे, मग ते उभं का राहत नाही?

रविवारी पुन्हा ऊस तोडून रचला. सोमवारी दुपारी सगळे झोपले असताना मी त्या ढिगापाशी जाऊन बसले. इंजिन बंद, चिमणी थंड. ऊन इतकं होतं की मोळ्यांच्या वरची पाती चुरचुरत होती. ऊस बाहेरून जसा तोडला तसाच होता, हिरवट, ताठ. पण तोडलेली टोकं तांबूस झाली होती आणि त्यांच्यावर मधमाश्या आणि गांधीलमाश्या बसल्या होत्या. जवळ गेल्यावर किंचित आंबूस वास आला, प्रयोगशाळेतल्या एखाद्या बाटलीचं बूच सैल राहिल्यासारखा.

आणि मला आमच्या सरांनी फळ्यावर काढलेली आकृती आठवली.

साखरेचा एक रेणू म्हणजे दोन लहान साखरा. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. दोघींच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू, दोन्ही बाजूंनी धरलेला. तो सांधा आहे तोवर असे रेणू एकावर एक, ओळीने, एकाच ठेवणीत बसत जातात. आपल्या हाताला जो कडकपणा लागतो तो त्या ओळींचा. सांधा तुटला की त्याच दोघी सुट्या होतात. काहीही कमी होत नाही. जिभेला तर त्या अधिक गोड लागतात. पण त्या आता ओळीत बसत नाहीत. उरलेल्यांच्या मध्ये येतात, त्यांनाही बसू देत नाहीत, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. आणि हा सांधा आगीशिवायही तुटतो. उसातच तो तोडणारं काहीतरी असतं. ऊस तोडला, उन्हात पडला, की ते कामाला लागतं.

म्हणजे मी तिथे बसले होते तेव्हाही ते चाललं होतं. आवाज नाही, हालचाल नाही, रंगात फारसा फरक नाही, आणि त्या प्रत्येक कांडीच्या आत, मोजता येणार नाहीत इतक्या जोड्या एकमेकींपासून सुटत होत्या. मी उठून चार पावलं मागे सरले. मला खरोखर भीती वाटली. प्रेत बघितल्यावर वाटते तशी नव्हे. समोरचा माणूस डोळे उघडे ठेवून बसला आहे आणि तो केव्हाच गेला आहे हे नंतर कळावं, तशी.

हंगामभर गूळ चांगला का झाला, तेही मला कळलं. हंगामभर ऊस सकाळी तोडायचा आणि गाळून टाकायचा. थांबवला तो फक्त मुहूर्तासाठी. मग बिघडला म्हणून पुन्हा थांबवला. मग आणखी बिघडला म्हणून आता तिसऱ्यांदा थांबवला होता. थांबणं हे कुणाच्या लेखी काही करणं नव्हतंच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी मामाला सांगायचा प्रयत्न केला. कसा केला ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. माझ्याकडे शब्दच नव्हते. "ऊस शिळा झाला की त्यातली साखर सुटते," असं काहीतरी मी म्हणाले.

मामा प्रेमाने हसला. "सुटती? आणि जाती कुठं? गोड तर लागतंय की!"

चाचा तिथेच होता. "भाचीबाई, पुसात आठवडाभर ऊस पडलाय माझ्या हाताखाली. ढेप अशी झाली, दगडासारखी."

"तेव्हा थंडी होती."

"थंडीनं काय हुतंय? ऊस काय दूध हाय नासायला? नजर हाय ही. नजरंला थंडी न्हाई आणि ऊन न्हाई."

आतून मामीने ऐकलं होतं. ती दारात आली. "थांबवल्यानं बिघडला म्हणतीस?"

"हो."

"आणि पहिल्यांदा थांबिवला कुणासाठी?"

"वहिनीसाठी," मी म्हणाले.

"मग तिच्यामुळंच की!" मामी म्हणाली, आणि ते खरं होतं.

संध्याकाळी वहिनी नदीवर धुणं घेऊन गेली, मी बरोबर गेले. पाणी कमी होतं, खडकांवरून संथ वाहत होतं. ती धुणं आपटत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, दुपारभर त्या उसाच्या म्होरं काय बघत बसलासा? काय दिसतंय त्यात?"

"दिसत काही नाही," मी म्हणाले, आणि तिला सांगितलं. दोघी जोडलेल्या असतात, ऊन लागलं की सुटतात, मग बसत नाहीत. मामाला सांगताना जे जमलं नव्हतं ते तिला सांगताना जमलं, कदाचित ती मध्ये बोलत नव्हती म्हणून.

"म्हंजे माझ्या पायानं न्हवं?"

"नाही."

तिने एक धोतर पिळलं. "पण थांबिवला माझ्यासाठीच की."

मी ढिगातलं पुढचं कापड तिच्याकडे सरकवलं.

"मामंजींस्नी सांगितलासा?"

"हसले."

"आत्याबाईंस्नी?"

"त्या तुम्ही आत्ता म्हणालात तेच म्हणाल्या."

वहिनीच्या ओठाची एक बाजू किंचित वर गेली. मग तिने विचारलं, "सुटल्यालं परत जोडतंय का?"

"नाही. काहिलीत तर नाहीच."

"मग आजचा ऊस आजच गाळाय पायजे."

"हो. एवढंच."

"एवढंच," ती म्हणाली. "पण माणसानं सांगून कोण ऐकणार हे?" आणि ती कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसली, हातातलं कापड वाहून चाललं तरी. मीच ते धावत जाऊन धरलं.

मंगळवारी दुपारी तिचा भाऊ आला. उंच, बुजरा. तिची पत्र्याची पेटी आधीच भरून ओसरीवर ठेवलेली होती. त्याने ती एकदा बघितली. सगळे गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणापुढे कापूर लावला. ऊन डोक्यावर होतं, कापराची ज्योत दिसतही नव्हती, फक्त तिच्यावरची हवा हलत होती. चरकावरचा इंजिनाला हात घालणार एवढ्यात मागून एक आवाज आला. कुणीतरी खूप खोल श्वास आत ओढावा, आणि तो संपूच नये, तसा.

वहिनी होती. तिचे केस सुटले होते. ती पायांवर उभी होती, पण शरीर मागेपुढे डोलत होतं, एका संथ लयीत. डोळे उघडे होते. ते कुठेच बघत नव्हते.

"थांबिवा," ती म्हणाली.

तो आवाज मोठा नव्हता. मी घुमणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, त्या किंचाळतात. ही हळू बोलत होती, आणि सगळ्यांना ऐकू येत होतं.

मामीने हात जोडले. "कोण? कोण हाय?"

"माझ्या दारात कौल लावतीस आणि मला वळखत न्हाईस?"

मामीने कपाळ जमिनीला टेकलं.

"मेल्यालं खायाला घालतासा मला. उन्हात ठिवल्यालं, सुटल्यालं." डोलता डोलता तिचं तोंड माझ्याकडे वळलं आणि थांबलं. "मधी पाणी शिरतंय. पाणी मधी शिरल्याबिगर सुटत न्हाईत त्या दोघी. एकीच्या वाट्याला थोडं, दुसरीच्या वाट्याला थोडं. मग कशाला बसतील परत?"



"आजचा ऊस आज," ती म्हणाली. "दुसरा सूर्य दिसला न्हाई पायजे त्याला."

मग तिने हात पुढे करून कापूर उचलला, जळता, आणि तळहातावर धरून ठेवला. तो विझेपर्यंत. आणि तिथेच कोसळली.

मामाने स्वतः कोयता उचलला. कुणीही कुणाला सांगितलं नाही, सगळे नदीकाठच्या तुकड्याकडे धावले. रचलेला ढीग ओढून बाजूला टाकला. नवा ऊस तोडून खांद्यावरून आणला आणि तसाच ओला, गार, चरकात घातला. संध्याकाळी चाचाने गोळी पत्र्यावर टाकली तेव्हा कुणाला गप्प राहायला सांगावं लागलं नाही. टण् झालं. चाचाने पुन्हा टाकली, उगाच, नुसता आवाज ऐकायला.

सकाळी ढेप उभी राहिली. आम्ही खूप वेळ बघत उभे राहिलो. ती हलली नाही. मामाने तिच्यावर बुक्की मारली आणि हात झटकत हसला. मामी घरात गेली आणि वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं, त्याच पायांवर. वहिनीने पाय मागे घेतले नाहीत. ती भिंतीला टेकून बसली होती, हाताला चिंधी बांधलेली. भाऊ तिला न्यायला आला होता, तो पेटी तिथेच ठेवून गेला. जाताना त्याने तिला लांबून नमस्कार केला. तिच्या नावाने हाक मारली नाही.

मी निघण्याआधी तिला एकटीला गाठलं. "वहिनी, पाण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कसलं पाणी, वन्सं?"

सांधा तुटतो तेव्हा पाण्याचा एक रेणू मध्ये शिरतो, त्याचा एक तुकडा एका साखरेला जातो आणि दुसरा दुसरीला. त्याशिवाय तो तुटतच नाही. हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगणं शक्यच नव्हतं; त्यासाठीचा मराठी शब्द मला फार वर्षांनी कळला, आणि इंग्रजी शब्द मी नदीवर उच्चारला नव्हता. मी मोजून बोलणारी आहे, मी काय बोलले ते मला आठवतं. वाकलेल्या ढेपींवरचे थेंब बघून तिने ते रचलं असेल, असं मी स्वतःला सांगत आले आहे. कधी कधी ते मला पटतं.

पुढच्या श्रावणात, पंचमीला, मी पुन्हा गेले. आता उन्हाळ्यातला तो प्रसंग ओसरला असेल असं मला वाटलं होतं. वहिनी देवघरापुढे एका चटईवर बसली होती. चटई तिची वेगळी, ताट वेगळं. मामेभाऊ तिला "अहो" म्हणत होता आणि दाराबाहेर उभा राहून बोलत होता. मंगळवारी आसपासच्या गावांतून माणसं यायची. मामी सांगत होती, "कुनाचं बी काय बिघडलं की पयलं हितं येत्यात."

पंचमीला लेकी माहेरी जातात. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. अंगणात बसून त्याने पुरणाची दिंडं खाल्ली. मग हात धुऊन म्हणाला, "नेऊ का? दोन दिवसांनी आणून सोडतो."

"देवी घर सोडून गेली तर मागं काय ऱ्हातंय, पावणं?" मामी म्हणाली. तिच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "तुमीच सांगा. नगा नेऊ. हितंच भेटा."

त्याने पंचमीची साडी आणली होती. ती बहिणीच्या हातात दिली नाही, देवीपुढे ठेवली.

वहिनीने मला आत बोलावलं. "वन्सं, तुमी शिकल्याल्या. सांगा की ह्यांस्नी."

"देवीनेच सांगितलं तर?" मी हळूच म्हणाले. "माहेरी पाठवा म्हणून. तुम्हीच..."

तिने माझं मनगट धरलं. तळहातावरचा डाग माझ्या हाताला खडबडीत लागला. "ती येत न्हाई, वन्सं. त्या दिवसापास्नं एकदाबी न्हाई. मी नुसती बसतो. लोक इचारत्यात, मी गप ऱ्हातो, तरी पाया पडत्यात."

"मग तुम्हीच म्हणा ना. तिच्या आवाजात."

"म्हणून बघितलं की. केस सोडलं, घुमलो, माहेराला धाडा म्हणालो. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, उठा सूनबाई, केस बांधा, ही तुमी बोलतासा, ती न्हवं."

बाहेर भाऊ उठल्याचा आवाज आला. मामा त्याला म्हणत होता, एसटी चुकंल, बिगीबिगी जावा. वहिनीने मनगट सोडलं. ती ऐकत राहिली, पायवाटेवरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत.

"देवी आली की पयलं हेच मागणार हाय तिला," ती म्हणाली.

तेवढ्यात परगावचं एक जोडपं दारात आलं, हातात नारळ घेऊन. मामीने आत हाक मारली, आणि वहिनी जाऊन चटईवर बसली.